डॉप्लर : एका मार्काच्या सूत्रामागचा माणूस

डॉप्लर इफेक्ट म्हटलं की आपल्याला काय आठवतं? बारावीच्या फिजिक्समधलं एक सूत्र, त्यात वर अधिक घ्यायचं की उणे याचा हमखास होणारा घोळ, आणि सीईटीत येऊ शकणारा एक मार्काचा प्रश्न. मार्क मिळाला की विषय संपला. त्या सूत्राच्या मागे एक माणूस होता, त्याला नोकरीची चिंता होती, पोराबाळांचा संसार होता, छातीत घर करून बसलेला खोकला होता, हे आपल्याला कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

या माणसाकडे मी वळलो ते जरा आडवाटेने. पावसाळा आला की आपल्या हॉस्टेलमध्ये माळशेज, नाणेघाट, हरिश्चंद्रगड ही नावं निघतातच. शहाडवरूनच तर मुरबाड–माळशेजचा रस्ता जातो. अशाच एका चर्चेत पीएलबीचा विषय निघाला. पीएलबी म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. मुठीत मावेल एवढं यंत्र. दरीत अडकलात, मोबाईलला रेंज नाही, तर याची अँटेना उघडायची आणि बटण दाबायचं. ते थेट उपग्रहाकडे संकटाची हाक पाठवतं. जहाजावर असतं त्याला ईपीर्ब म्हणतात, विमानातल्याला ईएलटी. हल्लीच्या बीकनमध्ये जीपीएस असतं, त्यामुळे आपण कुठे आहोत ते यंत्र स्वतःच सांगतं. पण १९८२ साली ही यंत्रणा सुरू झाली तेव्हा बीकनमध्ये जीपीएस नव्हतंच. बिचाऱ्या यंत्राला स्वतःचा पत्ता ठाऊक नसायचा. ते फक्त ओरडायचं. तरीही माणसं सापडत होती. कशी? याचं उत्तर शोधता शोधता मी जाऊन पोचलो १८०३ सालच्या साल्झबर्गला.

पाथरवटाच्या घरचा अशक्त मुलगा

ख्रिश्चन डॉप्लरचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग गावी झाला. घराणं पाथरवटांचं. पिढ्यान्‌पिढ्या दगड घडवण्याचा धंदा, आणि चांगला चालणारा. रिवाजाप्रमाणे ख्रिश्चननेही हातात छिन्नी-हातोडा घ्यायचा. पण पोरगं लहानपणापासून तब्येतीने नाजूक. दगडाची धूळ आणि अंगमेहनत याला झेपायची नाही हे घरच्यांनी ओळखलं. मग त्याला शिकवून निदान धंद्याचा हिशेब बघायला बसवावं असा विचार झाला.

साल्झबर्गच्या महाविद्यालयात सिमोन श्टाम्फर नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. मुलाचं गणित बघून त्यांनी सल्ला दिला की याला व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकला पाठवा. ही संस्था १८१५ साली सुरू झालेली, म्हणजे अगदी नवी कोरी. १८२२ ते १८२५ अशी तीन वर्षं डॉप्लर तिथे शिकला. म्हणजे एका अर्थी तो आपल्यातलाच, इंजिनिअरिंगवाला. नंतर साल्झबर्गला परत येऊन तत्त्वज्ञान वगैरे राहिलेले विषय पुरे केले, पुन्हा व्हिएन्नाला जाऊन गणित, यामिकी आणि खगोलशास्त्र शिकला. १८२९ साली तिथल्याच एका गणिताच्या प्राध्यापकांचा सहायक म्हणून नेमणूक झाली. नेमणूक कसली, चार वर्षांची तात्पुरती. मुदत १८३३ साली संपली.

शिकलेला कारकून

यानंतरचा भाग वाचताना मला तो माणूस फारच जवळचा वाटला. वय तिशीच्या घरात, नावावर काही शोधनिबंध, आणि हाताला काम नाही. त्या काळी ऑस्ट्रियात प्राध्यापकाची जागा मिळवायची तर स्पर्धा परीक्षा द्यावी लागे. लेखी, तोंडी, नमुन्याचं व्याख्यान, आणि मग निकालाची न संपणारी वाट. डॉप्लर अर्ज करत राहिला, परीक्षा देत राहिला. पोटासाठी त्याने सूतगिरणीत हिशेबनिसाची नोकरी धरली. सुमारे दीड वर्ष तो खतावण्या लिहीत होता.

१८३५ साली त्याने देश सोडायचं ठरवलं. अमेरिकेला जायचं, तिथे काहीतरी बघायचं. किडूकमिडूक विकून टाकलं आणि म्युनिकला जाऊन अमेरिकन वकिलातीत चौकशीही केली. अगदी निघायच्या बेतात असताना प्रागच्या एका तांत्रिक माध्यमिक शाळेतून नेमणुकीचं पत्र आलं. अमेरिका राहिली. १८३६ मध्ये त्याने साल्झबर्गच्याच माटिल्डे श्टुर्म हिच्याशी लग्न केलं. पुढे पाच मुलं झाली.

प्रागमध्येही सगळं सुरळीत नव्हतं. शाळेत शिकवणं त्याला रुचत नव्हतं. पॉलिटेक्निकमध्ये आठवड्याला चार तास गणित शिकवायची जोडनोकरी मिळाली. पूर्णवेळ प्राध्यापक म्हणून तिथे रीतसर नेमणूक झाली ती थेट १८४१ साली. आणि प्राध्यापक झाल्यावर काय? शेकडो विद्यार्थी, त्यांच्या लेखी आणि तोंडी परीक्षा, पुन्हा परीक्षा. आपल्या स्टाफ रूममध्ये हे वाचलं जाईल तेव्हा काही माना नक्की डोलतील. डॉप्लर परीक्षेत फार कडक वागतो अशी विद्यार्थ्यांनी तक्रार केली आणि त्याची चौकशीसुद्धा झाली. तब्येत ढासळली, १८४४ साली आजारपणाची रजा घ्यावी लागली.

या सगळ्या धबडग्यात, २५ मे १८४२ या दिवशी, त्याने बोहेमियाच्या रॉयल सायन्स सोसायटीच्या बैठकीत एक निबंध वाचला. ऐकायला मोजकीच माणसं होती. गणिती बोल्झानो मात्र त्याच्या पाठीशी होता. विषय होता जोडताऱ्यांच्या रंगांचा.

उदाहरण चुकलं, विचार बरोबर

डॉप्लरचं म्हणणं थोडक्यात असं. लाट पाठवणारा आणि घेणारा यांच्यातलं अंतर कमी होत असेल तर घेणाऱ्याला दर सेकंदाला जास्त लाटा मिळतात; अंतर वाढत असेल तर कमी. म्हणजे वारंवारता बदललेली भासते. आवाजाच्या बाबतीत स्वर चढतो किंवा उतरतो. प्रकाशाच्या बाबतीत रंग बदलेल. आकाशात एकमेकांभोवती फिरणारे जोडतारे असतात, त्यातला एक निळसर आणि एक तांबूस दिसतो, तो एक जवळ येत असल्यामुळे आणि दुसरा लांब जात असल्यामुळे, असं त्याने मांडलं.

हे दुसरं विधान चूक निघालं. ताऱ्यांचा रंग मुख्यतः त्यांच्या तापमानावर ठरतो. ताऱ्यांच्या वेगाने होणारा बदल इतका बारीक असतो की डोळ्यांना रंगात काही कळणार नाही. डॉप्लरला हे कळायला तेव्हा मार्ग नव्हता. पण त्याच निबंधात त्याने अशी आशाही व्यक्त केली होती की पुढेमागे या मार्गाने खगोलशास्त्रज्ञांना दूरच्या ताऱ्यांच्या गती मोजता येतील. ती मात्र तंतोतंत खरी ठरली.

आवाजावर प्रयोग करायचा तर वेगवान वाहन हवं, आणि त्या काळात असं एकच होतं, आगगाडी. हॉलंडमधल्या बाइज बॅलट या तरुण शास्त्रज्ञाने १८४५ साली उट्रेक्ट ते मार्सेन या लोहमार्गावर प्रयोग केला. इंजिनाच्या मागे उघड्या डब्यावर तुतारी वाजवणारे बसवले, रुळांच्या कडेला स्वर ओळखणारे तयार कानाचे वादक उभे केले. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न खराब हवेने फसला. जूनमध्ये जमला. गाडी येताना स्वर चढा, जाताना उतरा, आणि फरक डॉप्लरच्या सूत्राशी जुळणारा. गंमत म्हणजे ताऱ्यांच्या रंगाबद्दलचं डॉप्लरचं म्हणणं बाइज बॅलटला अजिबात पटलेलं नव्हतं, आणि आवाजाचा प्रयोग यशस्वी झाल्यावरही तो त्या मुद्द्यावर ठाम राहिला. दोघेही आपापल्या जागी बरोबर.

शहाड स्टेशनचा प्रयोग

हा प्रयोग करायला आपल्याला हॉलंडला जायची गरज नाही. शहाडला लोकल थांबतात, पण नाशिककडे जाणाऱ्या-येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या हॉर्न देत सरळ निघून जातात. समजा गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला २० मीटर. आवाजाचा वेग ३४० धरू. हॉर्न ४०० हर्ट्‌झचा असेल तर गाडी येताना आपल्याला ४२५ ऐकू येईल आणि जाताना सुमारे ३७८. या दोहोंचं गुणोत्तर बरोबर ९ : ८ येतं. ज्यांना गाण्याचं अंग आहे त्यांनी इथे कान टवकारले असतील, कारण शुद्ध रिषभ आणि षड्ज यांचं गुणोत्तर हेच. म्हणजे गाडी रे म्हणत येते आणि सा म्हणत जाते. (प्रयोग पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहूनच करावा, हे वेगळं सांगायला नको.)

आता खरी गोष्ट पुढे आहे. डोळे मिटून फक्त स्वराकडे लक्ष द्या. ज्या क्षणी स्वर सर्वांत झपाट्याने उतरतो, त्याच क्षणी गाडी आपल्याला सर्वांत जवळ असते. दुसरं म्हणजे, तुम्ही रुळांपासून ५ मीटरवर असाल तर रे वरून सा वर येणं पाव-अर्ध्या सेकंदात उरकतं. पण अर्धा किलोमीटर लांब कुठल्या गच्चीवर असाल, तर तोच स्वर वीस-पंचवीस सेकंद घेत हळूहळू घसरतो. म्हणजे नुसत्या स्वरावरून दोन गोष्टी कळल्या : गाडी कधी समोरून गेली आणि किती अंतरावरून गेली. फक्त एक कळत नाही, ती डावीकडून गेली की उजवीकडून. दोन्हीकडे स्वर सारखाच उतरतो.

हे तीन मुद्दे लक्षात ठेवा. बीकनचं सगळं गणित यातच आहे.

व्हिएन्ना, आणि व्हेनिस

आधी डॉप्लरची गोष्ट पुरी करू. प्रागला कंटाळून १८४७ साली तो शेमनित्झच्या खाण आणि वनविद्या अकादमीत प्राध्यापक म्हणून गेला. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. तिथे जरा निवांतपणा मिळेल असं वाटलं तर १८४८ ची क्रांती उसळली. १८४९ मध्ये तो व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये आला, जिथे कधीकाळी विद्यार्थी होता तिथेच. आणि जानेवारी १८५० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात नव्याने स्थापन झालेल्या भौतिकी संस्थेचा तो पहिला संचालक झाला. एका वेळी अमेरिकेला पळून जायला निघालेला हिशेबनीस देशातल्या पदार्थविज्ञानाच्या सर्वांत मानाच्या खुर्चीत बसला. या संस्थेत शिकायला आलेल्यांत ग्रेगोर मेंडेल नावाचा एक धर्मगुरू होता. हाच पुढे वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल.

पण सुख फार टिकलं नाही. १८५२ साली व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत योसेफ पेट्झव्हाल या बड्या गणितज्ञाने डॉप्लरच्या तत्त्वावर हल्ला चढवला. पेट्झव्हाल म्हणजे साधासुधा माणूस नव्हे. कॅमेऱ्याच्या भिंगाच्या रचनेसाठी त्याचं नाव आजही घेतात. इतक्या साध्या बीजगणितातून निसर्गाचा मोठा नियम निघूच शकत नाही, असा त्याचा एकूण सूर होता. त्याने गणिताने सिद्ध करून दाखवलं की माध्यम वाहत असलं तरी स्वर बदलत नाही. हे खरंच आहे. वारा सुटला म्हणून स्थिर भोंग्याचा स्वर बदलत नाही. पण डॉप्लरचा प्रश्न वाऱ्याचा नव्हताच, भोंगा चालू लागला तर काय होईल हा होता. दोघे दोन वेगळ्या गणितांबद्दल बोलत होते. अकादमीतलं वजन मात्र पेट्झव्हालच्या बाजूला पडलं.

डॉप्लरच्या छातीने तोवर पार दगा दिला होता. फुप्फुसाचा विकार वाढत चालला. १८५२ च्या नोव्हेंबरात उबदार हवेसाठी तो व्हेनिसला गेला. हवापालटाने काही गुण आला नाही. १७ मार्च १८५३ रोजी तिथेच त्याचा मृत्यू झाला. वय अवघं एकोणपन्नास. सान मिकेले बेटावरच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

तारखा बघताना मला एक योगायोग दिसला. डॉप्लर गेल्यानंतर बरोबर तिसाव्या दिवशी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे ही आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी धावली. पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत आली. आपल्या भागात डॉप्लरचा परिणाम कानांनी ऐकायची सोय झाली ती अशी, तो स्वतः गेल्यावर.

बीप बीपवरून पत्ता

डॉप्लरच्या मागे त्याचं तत्त्व जगलं. फ्रान्समध्ये फिझोने १८४८ मध्येच सांगितलं होतं की ताऱ्याचा रंग बघू नका, त्याच्या वर्णपटातल्या रेषा किती सरकल्या ते बघा. १८६८ मध्ये इंग्लंडच्या हगिन्सने व्याधाच्या ताऱ्यावर तो प्रयत्न केला. पण आपल्याला हवी असलेली गोष्ट घडली ४ ऑक्टोबर १९५७ नंतर. रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक सोडला आणि तो २० मेगाहर्ट्‌झवर बीप बीप करत फिरू लागला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख हे दोन तरुण तो आवाज ऐकत बसले. उपग्रह येताना वारंवारता थोडी जास्त, जाताना थोडी कमी. त्या उताराचा आलेख काढून त्यांनी उपग्रहाची कक्षा शोधून काढली. १९५८ मध्ये त्यांचे वरिष्ठ मॅक्ल्युअर यांनी प्रश्न उलटा केला. आपली जागा माहीत असताना उपग्रह कुठे आहे ते कळतं, तर उपग्रहाची कक्षा माहीत असताना आपण कुठे आहोत ते का कळू नये? यातून ट्रान्झिट ही जगातली पहिली उपग्रह दिशादर्शन यंत्रणा उभी राहिली. जीपीएस त्यानंतरचं.

बीकनच्या यंत्रणेत हेच तिसऱ्या प्रकारे वापरलं. जमिनीवरचा बीकन ओरडणार, उपग्रह ऐकणार. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया यांनी १९७९ मध्ये करार केला. शीतयुद्धाचे दिवस, एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेली, आणि हरवलेली माणसं शोधायला हे देश एकत्र! यंत्रणेचं नाव कॉस्पास-सारसॅट. ३० जून १९८२ ला सोव्हिएत रशियाने पहिला उपग्रह सोडला आणि सप्टेंबरमध्येच कॅनडात कोसळलेल्या एका छोट्या विमानातली तीन माणसं त्यामुळे वाचली.

आता शहाडचे तीन मुद्दे आठवा. बीकन ४०६ मेगाहर्ट्‌झवर साधारण दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा एक संदेश सोडतो. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेगाने वरून जातो. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. ४०६ मेगाहर्ट्‌झला ७ ने गुणून ३ लाखांनी भागा, उत्तर येतं साधारण साडेनऊ हजार हर्ट्‌झ. वेग पूर्णपणे बीकनच्या दिशेने असता तर इतका फरक पडला असता. प्रत्यक्षात त्याहून थोडा कमी पडतो. उपग्रह येताना अधिक, जाताना उणे. हा उतार ज्या क्षणी सर्वांत तीव्र, त्या क्षणी बीकन उपग्रहाच्या अगदी बगलेत. उतार किती तीव्र, त्यावरून उपग्रहाच्या मार्गापासूनचं अंतर. आणि डावं-उजवं? गाडीसारखीच इथेही दोन उत्तरं येतात, एक खरं आणि एक त्याचं प्रतिबिंब. पण पृथ्वी स्वतः फिरत असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या आलेखांत किंचित फरक पडतो आणि त्यावरून खरं कोणतं याचा अंदाज बांधता येतो. उपग्रहाच्या पुढच्या फेरीत खात्री होते. अशा रीतीने, स्वतःचा पत्ता माहीत नसलेल्या यंत्राची जागा साधारण ५ किलोमीटरच्या आत सापडू लागली.

जीपीएसवाले बीकन आल्यावर हीच जागा शेकडो मीटरच्या आत कळू लागली. विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवर एका जागी स्थिर दिसणाऱ्या उपग्रहांना तर जीपीएसचाच आधार. उपग्रह आपल्या दृष्टीने हललाच नाही तर स्वर कसा बदलणार? पण डॉप्लर निवृत्त झालेला नाही. आता जीपीएस, गॅलिलिओ, ग्लोनास यांच्या मध्यम कक्षेतल्या उपग्रहांवरच बीकन ऐकणारी यंत्रं बसवली आहेत. एकच संदेश अनेक उपग्रहांना किती वेळाच्या आणि किती वारंवारतेच्या फरकाने मिळाला यावरून जागा काढतात. बीकनमधलं जीपीएस बंद पडलं, झाडीत किंवा कड्याच्या आड आकाश दिसेना, तरी हा दुसरा मार्ग शिल्लक राहतो.

टेस्ट करताना

इंजिनिअरिंगवाल्यांच्या हातात यंत्र आलं की पहिला विचार येतो तो चालू करून बघण्याचा. बीकनच्या बाबतीत हा मोह आवरलाच पाहिजे. खरं बटण दाबलं की ती खरीच हाक असते, आणि पलीकडे खरी माणसं, खरी हेलिकॉप्टरं हलू लागतात. येणाऱ्या हाकांपैकी बहुसंख्य खोट्या निघतात ही या यंत्रणेची जुनी डोकेदुखी आहे. म्हणून प्रत्येक बीकनवर वेगळी सेल्फ-टेस्टची सोय असते. त्यात बीकन एकच संदेश सोडतो आणि त्याच्या सुरुवातीची ओळखखूण मुद्दाम उलटी ठेवलेली असते, त्यामुळे यंत्रणा त्याला संकट समजत नाही. जीपीएसची चाचणी असेल तर ती उघड्या आकाशाखाली करायची, हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये नव्हे. आणि ती ऊठसूट करायची नाही, कारण प्रत्येक वेळी बॅटरी खर्च होते. पीएलबीची बॅटरी संकटात किमान २४ तास आणि जहाजावरच्या ईपीर्बची ४८ तास पुरायची असते. शिवाय बीकनची नोंदणी लागते. भारतात ती इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्रात होते. हाक आली की आधी त्या नोंदीतल्या नंबरावर फोन करून खरं-खोटं करतात. आपल्याकडे उपग्रह-फोन विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे, तेव्हा परदेशातून अशी कुठलीही वस्तू मागवण्याआधी नियम तपासलेले बरे.

ही सगळी काळजी कशासाठी, याचं एक उदाहरण. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी थुरिया नावाच्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. बोट गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या अॅक्वेरियस शिपयार्डने बांधलेली. शर्यतीचा नियम असा की दिशादर्शनाला जीपीएस वापरायचं नाही. सेक्स्टंटने सूर्य-तारे बघून वाट काढायची. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने बोट उलटीपालटी केली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर इजा झाली. ऑस्ट्रेलियाचं पर्थ तिथून सुमारे १९०० सागरी मैलांवर. त्यांनी ईपीर्ब चालू केला. आयोजकांना बोटीची जागा ट्रॅकरवरूनही कळत होतीच, पण संकटाची अधिकृत हाक जगभरच्या बचाव केंद्रांत वाजली ती बीकनची. मॉरिशसहून उडालेल्या नौदलाच्या विमानाने बोट हेरली आणि २४ सप्टेंबरला ओसिरिस या फ्रेंच जहाजाने टॉमींना उचललं. पाठीची शस्त्रक्रिया होऊन बरे झालेले टॉमी पुढच्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले.

सगळ्यांकडेच अशी बोट नसते. आपल्या किनाऱ्यावरचे कोळीबांधव लहान होड्यांतून दूरवर जातात. त्यांच्यासाठी इस्रोने डॅट हे स्वस्त यंत्र तयार केलं. २०१० पासून ते वापरात आहे आणि वीस हजारांहून अधिक यंत्रं होड्यांवर गेली आहेत. ते जीपीएसवरून घेतलेली जागा आपल्या संपर्क उपग्रहामार्फत कळवतं आणि तटरक्षक दल मदतीला निघतं. जानेवारी २०२४ मध्ये याची दुसरी पिढी आली, तिच्यात तुमची हाक पोचली असा उलट निरोपही होडीवर येतो. बुडत्या माणसाला तेवढा निरोपही किती धीर देत असेल!

जाता जाता

डॉप्लरचं चरित्र वाचून मला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटल्या. एक आपल्या प्रोजेक्टवाल्या मित्रांसाठी. व्हायव्हात एक उदाहरण चुकलं म्हणून मूळ कल्पना टाकून देऊ नका, आणि दुसऱ्याचं एक उदाहरण चुकलं म्हणून त्याला वेड्यात काढू नका. दुसरी आपल्या सरांसाठी आणि मॅडमसाठी. पेपर तपासण्याच्या ढिगाऱ्याखालून, तब्येत साथ देत नसताना, जोडनोकऱ्या करत एका मास्तराने जे सुचवलं, ते आज समुद्रात आणि डोंगरात माणसांचे जीव वाचवतं आहे. तपासलेल्या पेपरांचं पुढे काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही.

सान मिकेले बेटावर डॉप्लरच्या नावाचा स्मृतिफलक आहे, पण त्याला नेमकं कुठे पुरलं ती जागा आता दाखवता येत नाही. इतरांचा ठावठिकाणा सांगणाऱ्याचाच ठावठिकाणा हरवला, याची मला आधी हळहळ वाटली. मग वाटलं, त्याला भेटायला व्हेनिसला कशाला जायला हवं? रात्री अभ्यासाला जागाल आणि कसाऱ्याकडे निघालेल्या मेलचा हॉर्न घसरत घसरत विरून जाईल, तेव्हा एक क्षण पुस्तक बाजूला ठेवून तो ऐका. एका मार्काचं ते सूत्र मग पाठ करावं लागणार नाही.